बांगड्यांपुरते

गिरणेला मोठा पूर आला त्या साली मी भोपळ्यावर बसून भडगावाहून निघालो आणि थेट तापीला जाऊन लागलो. वाटेत एक मगर भेटली. तिची दाढ दुखत होती, म्हणून मी तिला चिमूटभर तंबाखू दिली. पुढे दरसाल ती मला भेटायला यायची. ही हकीकत मी पारावर इतक्यांदा सांगितली आहे की गावातल्या लेकरांना मगरीचा स्वभावसुद्धा पाठ आहे. सगळे ऐकून घेतात, हसतात, पुढे काय म्हणून विचारतात. फक्त एक माणूस, मगर पाण्यातून वर आली रे आली की, मान न उचलता म्हणायचा, "खोटं शे."

तो भटू. आम्ही एका वयाचे. मी जन्मभर थापा मारल्या आणि त्याने जन्मभर त्या पकडल्या. त्याच्या तोंडून खोटं निघालेलं गावात कुणाला आठवत नाही. म्हैस विकायला नेली तर गिऱ्हाईकाने विचारायच्या आत तिची खोड सांगून मोकळा. म्हशी त्याच्या दारातच म्हाताऱ्या झाल्या.

म्हणून तर आखाजीचा डाव त्याच्याकडे असायचा.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात तो लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आमरसावर ताव मारतात. मग घरच्या पुरुषांनी करायचं काय? ते पत्ते खेळतात, पैसे लावून. एरवी जो पत्त्याला हात लावेल त्याची बायको त्याला चुलीतलं लाकूड दाखवील, पण आखाजीला कुणी कुणाला विचारत नाही. गंमत अशी, की आमच्या गावात खेळणारा आपले पैसे आपल्यापुढे ठेवत नाही. ते एका न खेळणाऱ्या माणसाच्या उपरण्यात पडतात. तो मांडी घालून बसतो, मांडीवर उपरणं पसरतो, कुणाचं काय आलं नि कुणाचं काय गेलं ते डोक्यात ठेवतो आणि डाव उठला की ज्याचं त्याला देतो. हा मान भटूचा. उन्हाने निंबाची पानं मलूल व्हायची, पण तो पाणी प्यायलाही उठायचा नाही. उठला तर उपरणं हलेल ना.

आणखी एक रीत आहे. डाव उठताना जो पार धुतला गेला असेल, त्याच्या हातावर जिंकलेल्याने बांगड्यांपुरते पैसे ठेवायचे. घरी लेक आलेली असते, गावात कासार बसलेला असतो, बापाने रिकाम्या हाताने उंबरा ओलांडू नये. हरलेल्याने ते दोन्ही हातांनी घ्यायचे. एकदा घेतले की डाव मिटला. मग मागचं उकरायचं नाही, भांडायचं नाही, पुढच्या आखाजीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण माझ्या देखत ती कुणी मोडलेली नाही.

यंदा आखाजी तोंडावर आली आणि एके सकाळी भटू माझ्या ओट्यावर येऊन बसला.

"वना, धुळे जानं शे. तू चाल."

"कसाले?"

"एक माणूसले भेटनं शे. माले बोलता येत नई. तुले येस."

मी म्हटलं, म्हैस विकायची असेल तर मी येतो, नुसतं तू तोंड बंद ठेव. तो हसला नाही. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "पोरनं सोनं गयं."

त्याची पोर दिपमाला, शिंदखेड्याला दिलेली. तिचा नवरा हेमराज माणूस वाईट नाही, पण त्याला मोबाइलवर क्रिकेटच्या मॅचांवर पैसे लावायची सवय लागली. आधी पगार, मग मोटारसायकल. घरात हात घालायला फक्त दिपमालाचं सोनं उरलं, तेव्हा ती पोर शहाणी, एकदाणी आणि गोफ रुमालात बांधून बापाकडे ठेवून गेली. नवऱ्याला सांगितलं, नानांकडे आहे. नानांकडे आहे म्हटल्यावर हेमराजची मागायची हिंमत झाली नाही.

आणि त्याच सोन्याला भटूचा हात लागला.

झालं असं. जावयाकडून पैसे घेणारा जो माणूस होता, योगेंद्र नावाचा, त्याचा नंबर भटूने मिळवला. त्याला दरडावायला फोन केला, की माझ्या जावयाचं खेळणं बंद कर. भटू दरडावणार म्हणजे काय, तो तर दारातल्या कुत्र्यालासुद्धा अहो-जाहो करतो. पलीकडचा माणूस त्याहून गोड. म्हणाला, "नाना, तुमच्या जावयाचे पैसे गेलेले नाहीत. अडकलेत. त्यांनी डाव अर्ध्यात सोडला, म्हणून वर अडकून पडलेत. तुमच्या नावाने थोडे भरा, कुलूप उघडेल." भटूने थोडे भरले. मोबाइलवर त्याच्या नावाने मोठा आकडा दिसायला लागला. मॅच झाली की आकडा वाढे. भटू म्हणाला, आता द्या. तर म्हणे, काढायचा कर भरावा लागतो. मग म्हणे, खातं पडताळायचे भरा. मग म्हणे, उशीर झाला त्याचे भरा. भटूने भडगावच्या सराफाकडे आधी गोफ मोडला, मग एकदाणी मोडली. आकडा अजून दिसतो. हात लागत नाही.

"कोनले सांगं व्हतं का?"

"लतालेबी नई."

लताबाई म्हणजे त्याची बायको. त्या वेळी ती घरात लेकीसाठी खापरावरच्या पुरणपोळीची डाळ निवडत बसली होती. मूळ लावायला, म्हणजे पोरीला आणायला, भटूच जाणार होता. घरी आल्यावर सणाला ती एकदाणी घालायला मागणारच. मग तो जाणार कसा, आणि जाऊन तिला तोंड दाखवणार कसं?

"अरे तो चोर शे भटू. डाव नई नि काही नई."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच मगरीची गोष्ट सुरू केली. "बठ्ठासना पैसा त्याना हातमा शेतस, वना. तो चोर कसा ऱ्हाई?"

आता याला काय सांगणार? ज्याच्या उपरण्यात सगळ्या गावाचा पैसा पडतो तो माणूस त्याने जन्मभर आरशात पाहिलेला. दुसरा कसा असतो ते त्याला ठाऊकच नव्हतं.

मी म्हटलं, सरळ पोलिसात जाऊ. तो म्हणाला, "पहिले त्याले इचारू." शेवटी असं ठरलं की आधी मी त्या योगेंद्रला बिळातून बाहेर काढायचं, त्याचं तोंड पाहून घ्यायचं, आणि मग दोघांनी ठाण्यात जायचं. मी भटूकडून नंबर घेतला आणि दुसऱ्या फोनवरून त्याला गाठलं. सांगितलं, रावेरकडचा केळीचा बागायतदार बोलतोय. माझ्या एकेका घडाला एकेक ट्रक लागतो. दिल्लीचे व्यापारी दारात रांगेत झोपतात. मूलबाळ नाही, पैशाला बुरशी यायला लागली आहे, पण मोबाइलवर माझा विश्वास नाही, माणूस समोर पाहिजे. तो म्हणाला, "या आबा, धुळ्यात भेटू."

पारोळ्यावरून धुळ्याची गाडी धरली. वाटभर मी भटूला पढवत होतो, तू दुसऱ्या टेबलावर बस, मला ओळखू नकोस, चहा पी आणि नुसता बघ. तो मान हलवत होता. पिशवीत त्याने नवं उपरणं आणलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

बसस्टँडमागच्या गल्लीतल्या चहाच्या हॉटेलात योगेंद्र आला. मला वाटलं होतं, गळ्यात साखळी, डोळ्यावर काळा चष्मा. तर इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध, हातात दोन मोबाइल. आल्या आल्या वाकून पाया पडला.

"आबा, प्रवासात त्रास नाही ना झाला? उन्हाळा फार आहे. आधी ताक घ्या."

मी माझी केळी काढली. घड, ट्रक, दिल्लीवाले. तो मन लावून ऐकत होता, आणि मध्येच विचारी, "मग त्या ट्रकचा हौदा कसा झाकत होता आबा?" हा प्रश्न माझ्या धंद्यातला. थाप ऐकणारा असा प्रश्न विचारत नाही, थाप मारणारा विचारतो. मग त्याने आपलं सांगायला घेतलं. तो नुसता टपालवाला. पैसे वर जातात, वरचे लोक परदेशात. कुणाचा एक रुपया तो स्वतःकडे ठेवत नाही. त्याच्या आईला मोतीबिंदू झाला, तिचं ऑपरेशन त्याने उधारीवर केलं, पण गिऱ्हाइकाच्या पैशाला हात लावला नाही. मी पाहत होतो. आईचा मोतीबिंदू अगदी हवा तिथे आला. इतकं सुबक खोटं मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. माझी मगर त्याच्यापुढे भातुकलीतली बाहुली.

आणि नेमका तेव्हा भटू उठला. चहाचा कप बशीवर नीट ठेवला आणि आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"योगेंद्रभाऊ, मी भटू. भडगावकडला. मना डाव तुमनापान शे."

माझं सगळं केळीचं बन एका दमात आडवं झालं. योगेंद्र मात्र दचकला नाही. त्याने खुर्ची ओढली. "नाना? तुम्ही कशाला एवढं ऊन खाल्लं? फोन करायचा." मग माझ्याकडे पाहून हसला, रागाने नाही, एका कारागिराने दुसऱ्याकडे पाहावं तसा. "आबा, केळी छान होती."

भटू बसला आणि बोलायला लागला. ज्याला बोलता येत नाही असं तो म्हणायचा, तो. त्याने योगेंद्रला शिवी दिली नाही. जणू आपल्यासारखंच काम करणारा कुणी भेटला, असं त्याला समजावत होता. मीही डाव धरतो भाऊ. धरणाऱ्याने खेळू नये. धरणाऱ्याला तहान लागते, पण त्याने उठू नये. कुणाचं काय ते डोक्यात ठेवावं, कारण ज्याने ठेवलं तो घरी जाऊन आपल्या लेकीला सांगतो, की पैसे अमक्याकडे आहेत, घोर करू नको. मी माझ्या लेकीला सांगितलंय. हे पैसे माझे नाहीत, तिचे आहेत.

हॉटेलातला पंखा करकरत होता. योगेंद्रने दोन्ही मोबाइल पालथे ठेवले. मला वाटलं, लागलं. एवढं खरं बोलणं याच्या कानावर पहिल्यांदाच पडत असेल, पाझरेल.

"नाना," तो हळू म्हणाला, "तुमच्या गावी आखाजीचा डाव बसतो?"

"बसस."

"आमच्याकडेही बसायचा. माझे वडील खेळायचे. हरून यायचे, पण आईसाठी, बहिणींसाठी बांगड्यांचे पैसे घेऊन यायचे." त्याने पाकीट काढलं. त्यातून काही नोटा काढल्या, मोजल्या नाहीत. "वरचं माझ्या हातात नाही. ते गेलं. पण मी रीत मोडणार नाही. लेकीला बांगड्या घ्या."

आणि भटूने उपरणं पुढे केलं.

दोन्ही हातांनी. आखाजीला करतो तसं, टोकं वर धरून, मध्ये खोलगा करून. नोटा त्यात पडल्या. मी म्हणतच होतो, "भटू, घेऊ नको", पण माझा शब्द सुटेपर्यंत त्याने उपरण्याला गाठ मारली होती. योगेंद्र उठला, त्याच्या पाया पडला, माझ्या पडला, आमच्या ताकाचे पैसे गल्ल्यावर दिले आणि गल्लीत लावलेल्या गाडीवर बसून गेला. त्याचा बाप आखाजीला खेळायचा हे खरं की खोटं, ते मला आजही सांगता येत नाही. आणि मला सांगता येत नाही असं खोटं जगात फार नाही.

मी भटूचा दंड धरला. "चाल ठाण्यात. तोंड पाहिलं, गाडीचा नंबर मी पाठ केला."

"आते कसाले?"

"कसाले म्हंजे?"

"बांगड्यासना पैसा लिधात मी, वना. डाव ऊठी गया."

"तो डाव नव्हता. दरोडा व्हता. दरोडेखोरना पैसानी काय बांगड्या भरशी पोरले?"

"मी उपरणं पुढे कयं," तो म्हणाला. "तू देखं."

मी त्याला ठाण्याच्या फाटकापर्यंत जवळजवळ ओढत नेलं. तो रस्त्यापलीकडे सावलीला उभा राहिला. मी आत गेलो. एक पोलीस बाई होत्या, वयाने दिपमालाएवढ्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मी त्यात एक शब्दही लावला नाही, काढला नाही. त्या म्हणाल्या, "आबा, ज्यांचे पैसे गेले त्यांना आत आणा. त्यांचा मोबाइल, बँकेचे मेसेज, त्यांचा जबाब लागेल. लवकर आणा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात." मी बाहेर आलो तर सावलीत भटू नव्हता.

तो कासाराच्या दुकानात होता. हिरव्या बांगड्या पुढ्यात पसरल्या होत्या. माप विचारलं तर त्याने आपला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करून दाखवला. कासारीण म्हणाली, "नाना, एवढा बारीक हात? पोर लहान आहे का?" त्याने ते बोटांचं गोल थोडं मोठं केलं.

मी दुकानाच्या पायरीवर बसलो. भांडण्यासारखा तो माणूसच नव्हता, आणि जबाब माझ्या तोंडचा कुणी घेतला नसता. घेतला असता तरी गावात म्हणाले असते, वनाआबाचा जबाब, त्यात मगर कुठे आहे?

तिथून तसेच पोरीला आणायला शिंदखेड्याला पोचलो. हेमराज दारातच भेटला. वाळला होता. पाया पडला, पाणी दिलं. हातातला मोबाइल खिशात घाली, परत काढी, परत घाली. दिपमाला पिशवी भरत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "आबा, मगर बरी आहे का?"

"दात पडले तिचे," मी म्हटलं. "आता नुसता रस पिते."

ती हसली. चहा झाला. हेमराज थोडा वेळ जमिनीकडे पाहत बसला आणि मग एकदम बोलला, "नाना, तिचं सोनं तुमच्याकडे आहे ना? आखाजी झाल्यावर तिला पोचवायला याल तेव्हा आणाल का? मला थोडे दिवस लागतंय. परत देईन."

दिपमाला कप उचलायला वाकली होती, ती तशीच थांबली. नाना नाही म्हणतील, अशी तिला खात्री होती. त्यासाठीच तर ठेवलं होतं.

भटूने उपरणं सारखं केलं. आधी डाव्या खांद्यावरचं, मग उजव्या. "शे," तो म्हणाला. "जागावर शे. पन आते देवाव नई."

मी हजारो थापा मारल्यात. थाप मारताना काय करू नये ते मला विचारा. आवाज चढवू नये, नजर जमिनीला लावू नये, हाताने कपड्याशी खेळू नये. भटूने तिन्ही केलं. इतकी वाईट थाप मी ऐकलेली नाही. हेमराजने ती जशीच्या तशी गिळली, कारण ती भटूच्या तोंडची होती. पण त्याची पोर होती ती. लहानपणी आखाजीला बापाच्या पाठीला पाठ लावून बसायची, कुणाचे किती ते बापाच्या आधी सांगायची. ती त्याच्या हाताकडे पाहत राहिली. उपरण्यात उरलेल्या पैशांच्या गाठीकडे. मग तिने कप उचलले.

"नानांकडे आहे म्हटल्यावर काय," ती नवऱ्याला म्हणाली. "कशाला विचारता सारखं?"

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली, भटू मध्ये, मी कडेला. तिने बापाला काही विचारलं नाही. पारोळा मागे पडल्यावर त्याने पिशवीतून बांगड्यांचा पुडा काढून तिच्या मांडीवर ठेवला. तिने तिथेच, गाडीच्या हिसक्यांत, त्या एकेक करून हातात चढवल्या. जरा मोठ्याच होत्या. कोपरापर्यंत घसरायच्या.

आखाजी आली. निंबाला झोके लागले. पारावर पत्ते निघाले आणि माणसं भटूची वाट पाहत बसली. बोलवायला दोघे गेले, तर दिपमाला उंबऱ्यात येऊन म्हणाली, "नानांना बरं नाही." कुणीतरी मला म्हणालं, आबा, तुम्ही धरा डाव. सगळे एवढे हसले की मीही हसलो. शेवटी पैसे एका दगडाखाली ठेवले. दुपार व्हायच्या आत भांडण लागलं, की दगड कुणी हलवला. डाव मोडला. बांगड्यांचे कुणी कुणाला दिले नाहीत.

मी भटूकडे गेलो. अंगणात लताबाईने उपरणं धुऊन दोरीवर टाकलं होतं. तिला अजून काही माहीत नाही. झोक्यावर दिपमाला होती, बांगड्या वाजत होत्या. भटू मधल्या घरात भिंतीला टेकून बसला होता. मी शेजारी बसलो. बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून म्हटलं, "भटू, गिरणेले पूर उना व्हता ना, त्या साली मी भोपळावर बसनू..."

तो ऐकत होता. भोपळा निघाला, वाटेतल्या बंधाऱ्यावरून उडाला. मगर पाण्यातून वर आली. मी थांबलो. त्याचं "खोटं शे" आलं नाही. मी तिला तंबाखू दिली. चुना लावून मळून दिली. तिला पाठीवर बसवून मीच तापी पार केली. तिच्या पोराच्या लग्नात जेवलो, आहेर घेतला. अशी गोष्ट मी उभ्या जन्मात ताणली नव्हती. प्रत्येक वळणावर थांबून त्याच्या तोंडाकडे पाहत होतो.

"मंग?" भटू म्हणाला.